बसक्या आवाजाची पेटी

डिग्रजच्या चौगुले गल्लीत कुणाला नवं मडकं घ्यायचं झालं, की बायका कुंभाराकडे जाताना वाटेत आक्काताईंना हाक मारीत. आक्काताई हातातलं काम टाकून निघत. कुंभाराच्या अंगणात गेल्यावर त्या मडक्याचा घाट बघत नसत, रंग बघत नसत. बोट वाकवून पेरानं एकेका मडक्यावर ठोकत आणि मान तिरकी करून ऐकत. खण्ण वाजलं तर घ्यायचं. थप्प वाजलं तर परत ठेवायचं. "थप्प वाजतंय ते आतनं चिरलेलं. आज पाणी धरंल, उद्या दगा दील," असं त्या म्हणत. त्यांनी निवडलेलं मडकं उन्हाळाभर पाझरलं, पण गळलं नाही, अशी त्यांची ख्याती होती.

पुढे साठीला टेकता टेकता त्यांची नजर गेली. काचबिंदू होता. सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि तिसऱ्या खेपेला, "आता येऊ नका, उगीच हेलपाटा," असं चांगुलपणानं सांगितलं. मडकं निवडायला नजर लागत नव्हती, म्हणून ते काम तेवढं टिकलं. बाकीचं एकेक करून सुटत गेलं. सुटलं म्हणजे काढून घेतलं गेलं, तेही मायेनंच. चुलीजवळ नको, भाजेल. विळीवर नको, कापेल. आडावर तर नकोच. दुपारी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गल्लीतल्या बायकांना पुराण वाचून दाखवायचा नेम होता, तो तर आपोआपच संपला. उरलं ते भुईमुगाच्या शेंगा फोडणं, वाती वळणं आणि माजघरातल्या खांबाला पाठ लावून बसणं. बोलायला कोण? सून त्रिशला दिवसभर कामात. मुलगा भूपाल रानात, हळदीच्या मागं.

भूपालला हे दिसत होतं. त्या वर्षी हळद चांगली झाली, तसा तो सांगलीला गेला आणि रेडिओ घेऊन आला. गल्लीतला पहिला. त्रिशलानं त्याच्यासाठी विणलेला रुमाल केला, फळीवर जागा केली. सांगलीचं केंद्र सुरू होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती, त्यामुळे आवाज अगदी शेजारच्या घरातून आल्यासारखा यायचा.

पहिले आठ-दहा दिवस आक्काताईंना दिवस पुरला नाही. गाणी त्यांना आवडत, पण त्याहून बोलणारी माणसं आवडत. शेतीवर बोलणारा, बाजारभाव सांगणारा, बातम्या वाचणारी. न दिसणाऱ्या माणसांची त्यांना आता सवयच झाली होती. ही आणखी चार.

"त्रिशला, ह्या बाईचा पुढचा दात हलतोय बघ," त्या म्हणत.

"आत्याबाई, तुमाला कसं कळलं?"

"'स' म्हंताना वारा सुटतोय तिचा. आन् ह्यो शेतीवाला कवा रानात गेला नसंल. 'खुरपणी' म्हंताना अडखळतोय."

त्रिशला हसायची आणि हसता हसता भाकरी करपायची.

मग हळूहळू बिनसलं. आक्काताई सकाळी उत्साहानं रेडिओ लावायला सांगत आणि जेवायच्या आतच म्हणत, "बंद कर गं बाई." आधी वाटलं, कंटाळा येत असेल. पण त्या कपाळ दाबून बसू लागल्या. भूपालला हे लागलं. एका दुपारी रानातून आला तर घर चिडीचूप.

"आक्का, गल्लीत कुणाकडं न्हाई ती वस्तू तुज्यासाठी आणली, आन् तू बंद करून बसतीस व्हय?"

"माणसं चांगली हाईत रं त्यातली. पर बोलाय लागली की डोस्क्यात सुई घालत्यात."

"सुई कशाला घालतील? एवढा नवा सेट."

आक्काताईंना त्याहून नीट सांगता येईना. आवाज मोठा होता असं नाही. बारीक केला तरी तेच. भूपालनं मनाशी ठरवून टाकलं, की म्हातारपणी मन कशातच लागत नाही, त्यातलाच हा प्रकार.

नेमकं त्याच सुमारास थोरले जावई रायगोंडा आले. लेक बाळाबाई आटपाडीला दिली होती, तिथं त्यांचं कापडाचं दुकान. त्यांनी फळीवर झाकून ठेवलेला रेडिओ बघितला, लावून ऐकला.

"भूपाल, ह्यो पडूनच ऱ्हातोय म्हणं. मग आमाला दे की. आमच्याकडं गिऱ्हाईक उन्हातानाचं चालत येतंय. दोन गाणी कानावर पडली की टेकतंय, आन् टेकलं की धोतरजोडी घेऊनच उठतंय."

"न्ह्या की दाजी," भूपाल म्हणाला. रागाच्या भरात म्हणाला की खुशीनं, त्यालाच ठाऊक. "दिवाळीच्या पाडव्याला या आन् घेऊन जावा."

खांबापाशी शेंगा फोडत बसलेल्या आक्काताईंचा हात थांबला. मुलानं जावयाला शब्द दिला, त्यात सासूनं काय बोलायचं? आणि तक्रार तर त्यांनीच केली होती. पण रेडिओ गेला की मागं खांब राहणार, हे त्यांना लख्ख कळलं.

त्या रात्रीपासून त्या एकाच गोष्टीचा विचार करू लागल्या. टोचतंय ते नेमकं काय? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसायच्या खोलीतही एक रेडिओ होता. भिंतीतल्या जाड शिसवी कपाटात ठेवलेला. नंबर येईपर्यंत सकाळभर त्या तो ऐकत बसल्या होत्या. डोकं दुखलं नव्हतं. उलट नंबर लवकर आला असं वाटलं होतं. केंद्र तेच, बोलणारी माणसं तीच, आपले कानही तेच. म्हणजे दोष आपल्या डोक्याचा नाही. हे सुचलं तशी त्यांना हुशारी आली.

"भूपाल," त्या सकाळी म्हणाल्या, "सेट बरा हाय. त्येचं तोंड खराब हाय. तोंड बदलून मिळतं का बघ."

"पाडव्याला दाजी न्हेणार हाईत त्यो. आता तोंड बदलून काय करतीस?"

"तवर तर ऐकू दे."

भूपालनं चौकशी केली. सांगलीत एका बोळात नाथाजी मिस्त्री म्हणून होता, तो म्हणाला, मिळतं की, बाहेरून लाकडी पेटीतला मोठा स्पीकर जोडता येतो. मग एका सोमवारी भूपाल, आक्काताई आणि त्रिशला एस. टी. नं सांगलीला गेले.

नाथाजी मूळचा माणचा, दहिवडीकडचा. पलटणीत वायरलेस दुरुस्त करायचा. तिकडून आला तो निम्मी हिंदी तोंडात घेऊनच आला. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, वर-खाली सगळ्या पेट्या.

"आओ, आओ, मावशी. कसला आवाज पायजे? कडक, मीडियम का धमाका?"

"धा तास ऐकला तरी चालंल असला."

"धा तास?" नाथाजी हसला. "मावशी, रातभर ट्रक चालवायचा हाय का?"

त्यानं एकेक पेटी जोडून गाणं लावलं. रस्त्यावरची माणसं थबकून आत डोकावू लागली. आक्काताईंना त्या गलक्यात काही उमजेना. पेट्या सगळ्याच जोरात होत्या, सगळ्याच चांगल्या वाटत होत्या. मग त्यांनी आपली जुनी विद्या बाहेर काढली. गाणं बंद करायला लावलं, हात पुढं करून पेट्या चाचपल्या आणि बोटाच्या पेरानं एकेकीवर ठोकलं.

"मावशी, ह्या घागरी न्हाईत," नाथाजी म्हणाला.

"आवाज धरतं ते सगळं मडकंच की रं बाबा."

चौथी पेटी खण्ण वाजली. पातळ लाकडाची, वरून झकास पॉलिश केलेली. आक्काताईंनी तिच्यावर हात ठेवला. "ही."

नाथाजीनं मांडीवर थाप मारली. "वा. सगळ्यात कडक माल उचलला बघा म्हातारीनं. मी बी हीच देणार हुतो."

"चिकटवायला सरस लावलाय का हिला? चामड्याचा असतोय म्हणं. तसलं असलं तर मला घरात नको."

"सरस न्हाई मावशी. नुसते इस्क्रू. पेचकसानं खोलून दावू?"

पेटी घरी आली. संध्याकाळच्या जेवणाआधी गल्लीतल्या बायका जमल्या. आवाज बस्तीच्या कट्ट्यापर्यंत जात होता. "आक्काताईंनी निवडली म्हणं, ठोकून," असं ज्या त्या बाईनं दुसरीला सांगितलं. आक्काताई खांबाला टेकून सुखानं हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुई परत आली. आधीपेक्षा लांब.

आता सांगायचं कुणाला? आधीचा रेडिओ भूपालनं आणला होता. ही पेटी त्यांनी स्वतः, गावाची पारखी म्हणून, सगळ्यांसमोर निवडली होती. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं. रोज रेडिओ लावायला सांगायच्या, दिवसभर बसायच्या आणि त्रिशलानं विचारलं तर म्हणायच्या, "छान हाय."

पण नुसतं सोसणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हता. सोसता सोसता त्या बघू लागल्या. रोज पहाटे त्या सामायिक करीत, म्हणजे ठरलेला वेळ, पाऊण तासभर, न हलता, न बोलता बसून मन आवरीत. वर्षानुवर्षं असं बसलेल्या माणसाला आपलं अंग पाठ असतं. आधी पाय कुरकुरतो, मग पाठ, मग मन भटकायला लागतं, हा क्रम त्यांना ठाऊक होता. रेडिओपुढं त्या तशाच बसल्या. हे सामायिक नव्हे, असं मनातल्या मनात देवाला सांगून बसल्या. आणि त्यांना इथलाही क्रम सापडला. आधी दाताला दात लागतो. आपल्याला कळतही नाही, पण जबडा आवळतो. मग भुवयांच्या मधे गाठ येते. मग मान धरते. आणि सगळ्यात शेवटी त्रिशलाचा राग येतो.

हे शेवटचं त्यांच्या ध्यानात आलं ते उशिरा. त्या दिवशी त्रिशलानं ताक आणून ठेवलं, तर त्या म्हणाल्या, "भांडं आपटून ठिवायची तुज्या म्हायेरची रीत दिसतीया."

त्रिशला उभीच राहिली. दहा वर्षं झाली होती लग्नाला, माहेरावरून सासू कधी बोलली नव्हती. ती आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती सरळ रेडिओकडे गेली आणि तिनं तो बंद केला. घर एकदम मोकळं झालं. आक्काताईंचे खांदे खाली उतरले, ते तिला दिसलं.

"आत्याबाई, खरं सांगा. टोचतंय न्हवं?"

आक्काताईंनी आधी हातानं ताकाचं भांडं चाचपलं, मग म्हणाल्या, "लय टोचतंय गं."

"मग बोलला का न्हाई?"

"काय तोंडानं बोलू? मीच ठोकून आणलंय."

त्रिशला त्यांच्याजवळ बसली. रडावं की हसावं ते तिला ठरवता येईना. शेवटी हसलीच. मग आक्काताईही हसल्या. आणि तिथून त्या दोघींचे उद्योग सुरू झाले.

आधी पेटीवर गोधडी टाकली. सुई बोथट झाली, पण बोलणारी बाई तोंडावर पदर घेऊन बोलतीय असं वाटू लागलं. गोधडी काढली. पेटीखाली घोंगडं घडी करून घातलं. थोडा फरक पडला. मग आक्काताईंनी चालू पेटीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या.

"त्रिशला, हात लाव हितं."

"थरथरतीया की."

"सारखी न्हाई. ऐक. ह्यो बाबा खालच्या आवाजात बोलतोय तवा गप हाय. आवाज चढला की थरथरतीया. आन् तवाच टोचतंय."

त्रिशलानं पुन्हा हात ठेवला. खरंच तसं होतं.

"दाबून बघू," आक्काताई म्हणाल्या. "पाटा आण."

चटणी वाटायचा पाटा त्रिशलानं कसाबसा उचलून पेटीवर ठेवला. आणि काय नवल, आवाज निवळला. पुरता नाही, पण निवळला. आक्काताई तासभर ऐकत बसल्या. पंचाईत एवढीच झाली, की संध्याकाळी भूपाल जेवायला बसला तर ताटात चटणी नाही.

"चटणी कुठाय?"

"पाटा रेडिओवर हाय," त्रिशला म्हणाली.

भूपालनं घास हातातच धरला. "पाटा रेडिओवर? का?"

मग सगळं बाहेर आलं. भूपाल चिडला. पेटी परत करायची हे तर त्याला ऐकवेचना. "आक्का, दाजींना शब्द दिलाय. पाडवा तोंडावर आलाय. आता पुन्यांदा मिस्त्री न्हाई आन् काय न्हाई. हसतील लोक."

"हसू देत. दाजींनी न्ह्यायचा असला तर न्हेऊ देत," आक्काताई म्हणाल्या. "पर का टोचतंय ते कळल्याबिगर माजा जीव ऱ्हाणार न्हाई, भूपाल. निम्मं कळलंय. मडकं खण्ण वाजलं तर चांगलं, कारण मडक्यानं गप बसून पाणी धरायचं असतंय. ही पेटी खण्ण वाजती, म्हंजे ती गपच बसत न्हाई. माणूस एक बोलतंय, आन् ही त्येच्यात आपलं एक घालतीया. दोगं एकदम बोलल्यावर डोस्कं उठंल न्हाईतर काय?"

भूपाल हे ऐकून घेत होता. आईचा आवाज त्याला बऱ्याच दिवसांनी असा ऐकू आला होता, कुंभाराशी वाद घालताना असायचा तसा. त्यानं भाकरी दुधात कुस्करली आणि म्हणाला, "गुरुवारी जाऊ."

नाथाजीनं तिघं पेटीसकट परत आलेली बघून कपाळाला हात लावला. "मावशी, फस्टक्लास माल हाय ह्यो. सगळा बाजार ऐकून जातोय."

"व्हय बाबा. जातोय न्हवं? मला जायचं नसतंय. मला बसायचं असतंय."

"मग पयले बसा तर," म्हणून त्यानं दाराजवळच्या एका खोक्यावर त्यांना बसवलं आणि चहा सांगितला. आक्काताईंनी, "चहा नको," म्हणताना सवयीनं बुडाखालच्या खोक्यावर पेरानं ठोकलं. थप्प.

त्या थांबल्या. पुन्हा ठोकलं. बाजूनं ठोकलं. थप्प, थप्प. चिरलेल्या मडक्यासारखं, जे त्यांनी जन्मात कधी कुणाच्या घरात जाऊ दिलं नव्हतं.

"हे काय हाय रं?"

"ते व्हय? स्टूल."

"आत काय भरलंय?"

नाथाजीनं मान खाजवली. "ती बी पेटीच हाय, मावशी. एका वकिलानं जुन्या दाराच्या फळ्या दिल्या आन् ह्याचीच पेटी कर म्हणाला. ह्ये जाड सागवान. आत कापूस ठासलाय, तो बी त्येचाच हट्ट. स्पीकर जुना हाय, पर मोठा. तयार झाली आन् ऐकून म्हणाला, आवाज बसलाय हिचा. न्हेलीच न्हाई. तवापासनं आमी हिच्यावर बसतोय."

"लाव."

"मावशी, ही नगं..."

"लाव रं."

तार जोडली. गाणं लागलं. रस्त्यावरचं एकही माणूस थांबलं नाही. भूपाल वाकून ऐकत म्हणाला, "आक्का, हे तर तोंडात घास धरून बोलल्यागत हाय."

"गप. बोलू नगंस. एक सामायिक हुईस्तवर कुणी बोलू नगा."

त्या खाली सतरंजीच्या तुकड्यावर बसल्या, तळहातावर तळहात ठेवला आणि मान किंचित खाली केली. गाणी झाली, भाषण झालं, बाजारभाव झाले. एक गिऱ्हाईक आलं, "म्हातारी झोपली काय?" म्हणालं. "ध्यान चाललंय," नाथाजीनं कुजबुजून सांगितलं, आणि तोही कधी नव्हे तो न बोलता स्वतःच्या दुकानात रेडिओ ऐकत बसला. भूपाल उभ्यानं कंटाळला, मग बसला, मग त्याच्याही ध्यानात आलं की बाजारभाव सांगून झाल्यावर सांगणाऱ्यानं हलकेच कागद उलटला. हे त्यानं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

आक्काताईंनी शेवटी मान वर केली. जबडा हलवून बघितला. भुवयांच्या मधे बोट लावलं. मग विचारलं, "त्रिशला, मी तुला काय बोललो का गं?"

"न्हाई, आत्याबाई."

"राग बी न्हाई आलेला." त्या पेटीवर हात ठेवून उठल्या. तळहाताखाली पेटी दगडासारखी गप्प होती. "ही घ्यायची. हिला मधी बोलायची खोड न्हाई."

"आमच्या धंद्यात ह्ये बसत न्हाई बघा," नाथाजी तारा गुंडाळत म्हणाला. तो चिडला नव्हता, त्याला खरंच नवल वाटत होतं. "गिऱ्हाईक दुकानात किती ऐकतंय? एक गाणं. एका गाण्यात ही पेटी कुणाला आवडायची न्हाई. एका गाण्यात ती कडक पेटीच जिंकती."

"तुजं बी खरं हाय. तू एका गाण्यापुरतं इकतोस."

कडक पेटी त्यानं परत घेतली. शिवाय, "ह्याची तुमाला आता गरज न्हाई," म्हणून रेडिओच्या पोटातला छोटा स्पीकरही बदल्यात काढून घ्यायचं ठरलं, आणि पुढच्या बाजारी भूपालनं तो आणून दिला.

नवी पेटी ऐकायला पहिल्या दिवशी बायका आल्या. "बिघडली काय?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "आधीची कशी झकास हुती. आक्काताई, औंदा कान बी गेलं काय तुमचं?" दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. आक्काताई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ऐकत होत्या. शेंगा फोडत होत्या, वाती वळत होत्या, मधेच हसत होत्या. जैनाघरची जेवणं दिवस मावळायच्या आत होतात. ती झाल्यावर भूपाल पूर्वी कट्ट्यावर जायचा. आता दोन-तीनदा तो जायचं विसरला. चटणीही वेळेवर ताटात येऊ लागली.

पण पाडवा काही विसरला नव्हता. दिवस जवळ आला तशी त्रिशला कामात चुका करू लागली. एकदा ती भूपालला म्हणाली, "दाजींना सांगून बघा की."

"काय सांगू? दिलेलं परत मागू? उद्या बाळाबाईला तिकडं कोण काय बोललं म्हंजे?"

आक्काताईंनी ते ऐकलं. "त्यो बरोबर बोलतोय," त्या म्हणाल्या. "लेक दिलीया तिथं. शब्द फिरवायचा न्हाई." आणि त्या दिवशी त्यांनी शेंगा न फोडता नुसतंच ऐकलं, हात रिकामे ठेवून.

पाडव्याला रायगोंडा आले. विचारपूस झाली, फराळ झाला. भूपालनं फळीवरून रेडिओ उतरवला, पेटी शेजारी आणून ठेवली.

"लाव की. जाताना ऐकून तर जाऊ," रायगोंडा म्हणाले.

भूपालनं लावला. दुपारचं गाणं चाललं होतं. रायगोंडा उभ्यानं ऐकू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचा फराळाचा आनंद हळूहळू कमी झाला.

"एवढाच आवाज?"

"वाढवतो की," म्हणून भूपालनं बटण फिरवलं. आवाज वाढला, पण अंगावर धावून आला नाही.

"आरं पर रस्त्यावर कसा जायचा ह्यो? दुकानापुढनं बैलगाडी गेली तर गाण्याचा पत्ता लागायचा न्हाई. आधी चांगला खणखणत हुता की. आतला इस्पीकर लाव."

"आतला ऱ्हायला न्हाई, दाजी. मिस्त्रीनं बदल्यात घेतला."

रायगोंडांनी रेडिओची मागची बाजू फिरवून आत बघितलं. "म्हंजे पोटच काढलंया ह्येचं."

भूपालचा चेहरा पडला. दिलेला शब्द आणि असली वस्तू, असं त्याला झालं असावं. "दुसरा बसवून देतो मी, दाजी," तो म्हणाला. "सांगलीला जाऊन."

आक्काताई आपल्या जागेवरून म्हणाल्या, "न्ह्या की जावईबापू. चांगली हाय पेटी. मी दिसभर ऐकतो, कायबी हुईत न्हाई."

त्यांनी ते मनापासून सांगितलं. वस्तू द्यायची तर तिचा गुण सांगून द्यावी, अशी त्यांची रीत होती. मडक्याचाही त्या खरा गुणच सांगत. फक्त बोलताना त्यांच्या हातातल्या वातीचा पीळ सुटला, तो त्रिशलानं बघितला.

रायगोंडांनी सासूकडे बघितलं, मग पेटीकडे, मग पुन्हा सासूकडे. त्यांच्या डोळ्यांत दया आली. "मामी," ते जरा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तुमाला आता कानानं बी कमी यायला लागलंय काय?"

त्रिशला पदर तोंडाला लावून आत पळाली.

"आं?" आक्काताई म्हणाल्या. जावई एवढे ओरडून का बोलतात, ते त्यांना कळलं नव्हतं.

"बघ," रायगोंडा हळू आवाजात भूपालला म्हणाले. "बिचाऱ्या. ऱ्हाऊ दे ह्यो त्यांच्याजवळ. गिऱ्हाइकाला ह्यो चालायचा न्हाई, आन् म्हाताऱ्या माणसापासनं काढून न्ह्यायला मला बी बरं वाटायचं न्हाई. मी आपला सांगलीला कडकातला एक बघतो. तुजा शब्द पोचला म्हण."

भूपालनं दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही. रायगोंडांना एस. टी. गाठायची होती. आक्काताईंनी लेकीसाठी अनारसे बांधून दिले, जावयांनी वाकून नमस्कार केला आणि जाता जाता पुन्हा मोठ्यानं, "येतो, मामी," असं कानाजवळ ओरडले.

त्यांना फाट्यापर्यंत पोचवून भूपाल परत आला. वाटेत तो काय काय जुळवत आला होता. हे दाजींनी मोठेपणानं केलं, की त्यांना खरंच तसं वाटलं, आणि आई बोलली ते साधेपणानं बोलली ना, हे त्याला विचारायचं होतं. माजघरात आला तर रेडिओ फळीवर परत चढलेला होता आणि पेटी खांबाजवळ सरकवलेली होती. आक्काताई पाय लांब करून बसल्या होत्या. कुणीतरी ऊस आणि खतांवर बोलत होतं.

"आक्का, दाजी म्हणाले..."

आक्काताईंनी हात वर केला. "गप जरा. एवढं झालं की बोल."

भूपाल तिथंच टेकला. एवढं झालं, त्याच्यामागून आणखी एक सुरू झालं. आतून त्रिशलानं दोनदा, "जेवाय वाढू का? दिवस चाललाय," म्हणून विचारलं, तेव्हा कुठं तो उठला.